रानपिंगळा : सातपुड्यातील एका संकटग्रस्त वनपक्ष्याच्या सवयी व संवर्धनाचे प्रश्न

गोषवारा

रानपिंगळा हा केवळ मध्य व पश्चिम भारतातील वनांत आढळणारा, जगातील दुर्मिळ घुबडांपैकी एक पक्षी होय. १८८४ नंतर एकशे तेरा वर्षे त्याची विश्वसनीय नोंद झाली नव्हती. १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या वनात तो पुन्हा आढळला. प्रस्तुत लेखात या पक्ष्याच्या शोधाचा इतिहास, त्याची ओळख, अधिवास, शिकार व विणीच्या सवयी यांचा परिचय करून दिला आहे. तसेच त्याच्यासमोरील संकटांचा त्याच्या सवयींशी असलेला संबंध तपासला आहे. दिवसा वावरणारा व उघड्या जमिनीवर शिकार करणारा, परंतु विणीसाठी जुन्या झाडांच्या ढोलीवर अवलंबून असणारा हा पक्षी आहे. त्यामुळे केवळ झाडांची संख्या वाढवून त्याचे संरक्षण होणार नाही. शुष्क पानझडी वनाची मूळ रचना टिकणे हीच त्याच्या अस्तित्वाची अट आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : रानपिंगळा, सातपुडा, शुष्क पानझडी वन, ढोली, पुनःशोध, अधिवास संवर्धन.

१. प्रस्तावना

मराठी भाषेत घुबडाला 'दिवाभीत' असा एक पर्यायी शब्द आहे. दिवसाला भिणारा, उजेडात तोंड लपवणारा, असा त्याचा अर्थ. घुबडांच्या बहुतेक जातींना हे नाव शोभते. घुबडाच्याच कुळातील लहान पक्ष्याला आपण पिंगळा म्हणतो. गावातील वड, चिंच, पिंपळ यांच्या ढोलीत राहणारा ठिपकेवाला पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. सूर्योदयापूर्वी दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यास 'पिंगळा' म्हटले जाते व त्याला या पक्ष्याची भाषा कळते, अशी लोकसमजूत आहे. पहाटेपूर्वीच्या प्रहरास 'पिंगळावेळ' म्हणण्याची पद्धतही याच परंपरेतून आली. थोडक्यात, आपल्या लोकजीवनात पिंगळ्याचे नाते अंधाराशी व संधिप्रकाशाशी जोडले गेले आहे.

रानपिंगळा मात्र या समजुतीला अपवाद आहे. तो सकाळच्या उन्हात झाडाच्या शेंड्यावर उघडपणे बसतो आणि भर दिवसा शिकार करतो. असा पक्षी शतकाहून अधिक काळ कोणत्याही अभ्यासकाच्या नोंदीत यावा नाही, ही भारतीय पक्षिशास्त्रातील एक विलक्षण घटना होय. ही घटना कशी घडली आणि पक्ष्याच्या सवयींवरून त्याच्या भवितव्याविषयी काय अनुमान काढता येते, याचा विचार पुढे केला आहे.

२. शोध, विस्मरण आणि पुनःशोध

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगड राज्यातील बसना–फुलझर परिसरात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळवला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेतील पुढाकारामुळे ह्यूम यांचे नाव इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते. पक्षिशास्त्रातील त्यांचे कार्यही तेवढेच मोठे आहे. नमुना मिळवणाऱ्याच्या सन्मानार्थ त्यांनी या पक्ष्याला 'हेटरोग्लॉक्स ब्लेविटी' हे नाव दिले. इतर पिंगळ्यांपेक्षा तो वेगळा वाटल्याने त्यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच निर्माण केली. पुढे बहुतेक अभ्यासकांनी त्याचा समावेश 'अथीनी' या प्रजातीत केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही त्याचे स्थान याच प्रजातीत असल्याचे दाखवले.

१८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूशास्त्रज्ञाला आजच्या ओडिशातील खरियार परिसरात हा पक्षी आढळला. त्यानंतर खानदेशात नेमणुकीस असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा व तळोदा भागातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र ही मालिका खंडित झाली. जगातील सर्व संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात नमुने होते.

या सातांपैकी एका नमुन्यामुळे मोठा घोटाळा झाला. ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्टझॅगन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर १९१४ साल आणि गुजरातमधील तापीकाठच्या मांडवी गावाचे नाव होते. हा पक्षी विसाव्या शतकात अस्तित्वात असल्याचा तो एकमेव पुरावा मानला जाई. साहजिकच पुढील शोधमोहिमांमध्ये मांडवी परिसराला महत्त्व मिळाले. पक्षी काही आढळला नाही आणि तो नामशेष झाला असावा, हे मत बळावत गेले.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासह या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. क्ष-किरण चित्रे आणि कातडीत भरण भरण्याची पद्धत यांवरून असे सिद्ध झाले की, तो नमुना मुळात डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात मिळवलेला होता. ब्रिटिश संग्रहालयातून तो चोरून, पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. हे संशोधन १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. परंतु त्याआधीच या निष्कर्षाचा प्रत्यक्ष उपयोग झाला होता. मांडवीची नोंद बाजूला ठेवून केवळ खऱ्या नमुन्यांच्या स्थळांवर शोध घ्यावा, असे रासमुसेन यांनी ठरवले.

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी प्रथम पूर्वेकडील जुनी स्थळे पाहिली. तेथे यश आले नाही. त्यानंतर ते शहाद्याजवळील सातपुड्याच्या पायथ्याशी आले. त्या वेळी हा भाग धुळे जिल्ह्यात होता. १९९८ मध्ये नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी एका पर्णहीन झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. त्याची छायाचित्रे व चित्रफीत घेण्यात आली आणि एकशे तेरा वर्षांचे मौन संपले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. पक्षी त्याच्या मूळ ठिकाणीच होता. एका खोट्या नोंदीने शोधाची दिशा चुकवली होती. वन्यजीवांच्या संवर्धनात अचूक स्थळ व अचूक दिनांक यांचे मोल किती असते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

३. ओळख

रानपिंगळ्याची लांबी सुमारे २३ सेंटिमीटर असते. ठिपकेवाल्या पिंगळ्यापेक्षा तो किंचित मोठा व अंगाने अधिक भरदार असतो. या दोहोंमध्ये गल्लत होण्याचा संभव असल्याने पुढील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

(अ) ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके व पाठ जवळजवळ एकसारखी राखट तपकिरी असून ठिपके अगदी पुसट असतात.

(आ) रानपिंगळ्याच्या छातीचा वरचा भाग गडद तपकिरी असतो. पोटाचा मध्यभाग मात्र स्वच्छ पांढरा असतो.

(इ) पंख व शेपटी यांवर गडद तपकिरी आणि पांढऱ्या रंगांचे रुंद, ठसठशीत पट्टे असतात.

(ई) डोके व चोच शरीराच्या मानाने मोठी असतात. पाय जाड व बळकट असून बोटांपर्यंत दाट पांढऱ्या पिसांनी आच्छादलेले असतात.

यांपैकी शेवटचे लक्षण केवळ ओळखीपुरते नाही. मजबूत पाय व मोठी चोच यांच्या बळावर हा लहानसा पक्षी आपल्या आकाराच्या मानाने मोठे भक्ष्य पकडू शकतो.

४. अधिवास

'वनपक्षी' म्हटले की घनदाट, सदाहरित अरण्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. रानपिंगळ्याचे वन तसे नाही. त्याचे मुख्य निवासस्थान म्हणजे सातपुड्यातील उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी वन होय. या वनात सागाचे प्राबल्य असते व त्याच्या जोडीला सालई, मोई, ऐन, धावडा यांसारखे वृक्ष असतात. हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून पानगळ सुरू होते आणि उन्हाळ्यात डोंगरउतार उघडे दिसू लागतात.

रानपिंगळा या वनातही विशेषतः विरळ भाग पसंत करतो. त्याला दोन गोष्टी एकाच परिसरात लागतात. पहिली म्हणजे नैसर्गिक ढोली असलेले मोठे, जुने वृक्ष. दुसरी म्हणजे वरून भक्ष्य दिसू शकेल अशी मोकळी जमीन. त्यामुळे अतिशय दाट झाडी त्याला मानवत नाही आणि वृक्षहीन माळही उपयोगाचा नसतो. वन आणि मोकळी जागा यांच्या नाजूक समतोलावर त्याचे जीवन उभे आहे.

५. सवयी

५.१ दिनचर्या व शिकार

थंडीच्या दिवसांत सूर्योदयानंतर रानपिंगळा पानगळ झालेल्या झाडाच्या वरच्या फांदीवर येऊन ऊन खात बसतो. सकाळच्या पहिल्या काही तासांत त्याची हालचाल सर्वाधिक असते. दुपारच्या तीव्र उन्हात तो सावलीच्या फांदीवर विसावतो.

त्याची शिकारीची रीत 'बसा आणि वाट पाहा' या प्रकारची आहे. फांदीवर निश्चल बसून तो खालच्या जमिनीचे निरीक्षण करतो आणि भक्ष्य दिसताच झेप घेतो. या वेळी एक वैशिष्ट्यपूर्ण हालचाल दिसते. तो शेपटी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झटक्याने हलवतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की ही हालचाल अधिक वेगवान होते.

त्याच्या आहाराच्या अभ्यासात सरडे, सापसुरळ्या आदी सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रमाण जवळजवळ ६० टक्के आढळले. उंदीरवर्गीय प्राणी सुमारे १५ टक्के व लहान पक्षी सुमारे २ टक्के होते. उर्वरित भाग कीटक, इतर अपृष्ठवंशीय प्राणी व बेडूक यांचा होता. या आकडेवारीतून त्याच्या दिवसा वावरण्याच्या सवयीचा उलगडा होतो. सरडे व सापसुरळ्या अंग तापवण्यासाठी उन्हात बाहेर येतात आणि रात्री फटींत, पाचोळ्याखाली दडून राहतात. ज्याचे मुख्य अन्न सूर्याबरोबर बाहेर पडते, त्या शिकाऱ्यालाही सूर्याबरोबरच उठावे लागते. 'दिवाभीत' कुळातील हा पक्षी दिवसाचा झाला, त्यामागे अन्नाचे हे गणित असावे.

५.२ आवाज व हद्द

रानपिंगळ्याचे गाणे लहान, मृदू व दोन अक्षरी असते. त्याखेरीज हद्द राखण्यासाठी चिरचिरीत, लागोपाठचे आवाज, तसेच जोडीदाराशी संपर्क ठेवण्याचे व धोक्याची सूचना देणारे वेगळे आवाज तो काढतो. नर आपल्या हद्दीबाबत अत्यंत दक्ष असतो. जानेवारी–फेब्रुवारीत, प्रणयकाळाच्या ऐन भरात, ध्वनिमुद्रित आवाजाला तो तत्काळ प्रतिसाद देतो. सर्वेक्षणात या सवयीचा उपयोग होतो. मात्र हौशी निरीक्षकांनी वारंवार ध्वनिमुद्रण वाजवल्यास पक्ष्याची शक्ती व वेळ वाया जातो आणि विणीत व्यत्यय येतो. म्हणून या पद्धतीचा वापर अभ्यासापुरता व मर्यादितच असावा.

५.३ वीण

विणीचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो. घरटे झाडाच्या ढोलीत असते. रानपिंगळा स्वतः ढोली कोरू शकत नाही. लाकूड कुजून तयार झालेली किंवा सुतारपक्ष्याने कोरलेली पोकळी त्याला शोधावी लागते. मादी साधारणतः दोन अंडी घालते. ती अंडी उबवते तेव्हा नर शिकार करून तिला अन्न आणून देतो. पिल्ले बाहेर आल्यावरही काही काळ नर भक्ष्य आणतो आणि मादी ते पिल्लांना भरवते. पिल्ले सुमारे ३० ते ३२ दिवसांनी ढोली सोडतात व त्यानंतरही काही काळ पालकांवर अवलंबून राहतात. नराने स्वतःची पिल्ले खाल्ल्याच्या घटनाही अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत.

दोन पिल्लांचे लहान कुटुंब, ढोलीवरील संपूर्ण अवलंबन आणि नराच्या शिकारीवर मादी व पिल्लांची भिस्त या तीन गोष्टींमुळे रानपिंगळ्याची संख्या वेगाने वाढू शकत नाही. एका ढोलीचे झाड तुटणे म्हणजे एका जोडीचा हंगाम वाया जाणे होय.

६. प्रसार व संख्या

पुनःशोधानंतर फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने पद्धतशीर सर्वेक्षण केले. जुन्या प्रसारक्षेत्रातील १४ वनप्रदेश पाहिले असता, उत्तर महाराष्ट्र व नैर्ऋत्य मध्य प्रदेशातील केवळ चार ठिकाणी मिळून २५ पक्षी आढळले. त्यांत तोरणमाळ व तळोदा परिसरातील वने, तसेच आता बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असलेले खकनार यांचा समावेश होता. पुढील काळात यावल अभयारण्य, मेळघाट व्याघ्र प्रकल्प आणि मध्य प्रदेशातील खंडवा व बैतूल भागांतून नोंदी वाढल्या. मेळघाट हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचे क्षेत्र ठरले.

२०१४ मध्ये मुंबईला पाणीपुरवठा करणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात रानपिंगळा दिसला, तेव्हा अभ्यासकांना आश्चर्य वाटले. सातपुड्यापुरता मर्यादित मानलेला पक्षी सह्याद्रीच्या उत्तर भागातही असल्याचे त्यावरून कळले. याच सुमारास गुजरातच्या डांग जिल्ह्यातील पूर्णा अभयारण्यातूनही त्याची नोंद झाली.

नवी स्थळे उजेडात आल्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये या पक्ष्याची वर्गवारी 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' अशी बदलली. या बदलाचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. आपली माहिती वाढली म्हणून वर्ग बदलला, पक्ष्यांची संख्या वाढली म्हणून नव्हे. प्रौढ पक्ष्यांची अंदाजित संख्या एक हजाराच्या आतच आहे आणि वनांच्या ऱ्हासाबरोबर ती घटत असल्याचे मानले जाते.

७. संकटे

(अ) अधिवासाचा ऱ्हास : सातपुड्याच्या पायथ्याकडील व सपाटीची वने शेतीखाली आली आहेत. उरलेली वने तुकड्यातुकड्यांत विभागली जात आहेत. रस्ते, सिंचन व इतर विकासकामांचा ताणही याच पट्ट्यावर आहे.

(आ) ढोलींचा तुटवडा : वठलेले, पोकळ झाड व्यवहारात निरुपयोगी समजले जाते. सरपणासाठी प्रथम तेच तोडले जाते. रानपिंगळ्याच्या दृष्टीने मात्र वनातील सर्वांत मोलाचे झाड तेच असते.

(इ) वणवे : मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून मार्च–एप्रिलमध्ये झाडाखालचा पाचोळा जाळण्याची प्रथा मध्य भारतात सर्वत्र आहे. ही आग पसरली की सरडे, सापसुरळ्या व त्यांचे अन्न असलेले कीटक नष्ट होतात. जुन्या पोकळ झाडांनाही आग लवकर लागते. हा काळ पक्ष्याच्या विणीच्या हंगामातच येतो.

(ई) विषारी औषधे : वनालगतच्या शेतांत उंदीर मारण्यासाठी व पिकांवर वापरल्या जाणाऱ्या विषांचा अंश भक्ष्यामार्फत पक्ष्याच्या शरीरात जाण्याचा धोका असतो.

(उ) अंधश्रद्धा : घुबड अशुभ मानण्याची समजूत आणि जादूटोण्यासाठी घुबडे पकडण्याचा प्रकार यांची झळ सर्वच जातींना बसते. शिकारी रात्रीच्या घुबडाला अंधाराचा आडोसा तरी असतो, दिवसा उघड्या फांदीवर बसणाऱ्या रानपिंगळ्याला तोही नाही.

८. संवर्धनाची दिशा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये रानपिंगळ्याचा समावेश असून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. शिकारीविरुद्ध हे संरक्षण पुरेसे कडक आहे. परंतु ढोलीचे झाड तुटल्याने होणारी हानी अशा कायद्याच्या कक्षेत सहजासहजी येत नाही. म्हणून कायद्याबरोबर वनव्यवस्थापनातही बदल आवश्यक ठरतो.

पहिली गरज ढोलीच्या झाडांच्या नोंदणीची आहे. वनरक्षकांच्या गस्तीत अशी झाडे खुणा करून नोंदवली, तर ती तोडीपासून व आगीपासून वाचवता येतील. दुसरी बाब वृक्षारोपणाची. विरळ पानझडी वनाला 'अवनत' समजून तेथे एकाच जातीची दाट लागवड केली, तर कागदावर हिरवे क्षेत्र वाढेल. मात्र रानपिंगळ्याची शिकारीची मोकळी जमीन नाहीशी होईल आणि लावलेल्या रोपांत ढोली तयार होण्यास अनेक दशके लागतील. त्यामुळे अशा वनात लागवडीपेक्षा नैसर्गिक पुनरुज्जीवनाला प्राधान्य देणे इष्ट ठरते.

तिसरी बाब स्थानिक जनतेची आहे. या वनांत भिल्ल, पावरा व कोरकू समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. सरपण, मोह, डिंक, तेंदूपान यांवर त्यांचा उदरनिर्वाह आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनसंसाधनांच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. पाचोळा न जाळता मोहाखाली कापड अंथरून फुले गोळा करणे, वठलेल्या झाडांपैकी ढोलीची झाडे राखून ठेवणे, असे निर्णय ग्रामसभेने घेतले तर ते वरून आलेल्या आदेशापेक्षा अधिक टिकाऊ ठरतील. रानपिंगळा दिवसा दिसणारा पक्षी असल्याने त्याच्या नोंदी ठेवण्याचे काम गावातील तरुणांनाही करता येण्याजोगे आहे. त्या परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी यात मार्गदर्शन केल्यास दीर्घकालीन माहितीचा मोठा साठा तयार होईल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. रानपिंगळ्याच्या दीर्घकालीन 'अदृश्यते'स पक्ष्याचा स्वभाव नव्हे, तर सदोष नोंद मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती. अचूक क्षेत्रनोंद हा संवर्धनाचा पाया आहे.

२. दिवसा वावरणे, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपजीविका करणे आणि ढोलीत वीण करणे या त्याच्या सवयी शुष्क पानझडी वनाशी घट्ट बांधलेल्या आहेत.

३. २०१८ मधील वर्गबदल हा सुरक्षिततेचा दाखला मानता येणार नाही.

४. जुनी पोकळ झाडे व मोकळी वनभूमी यांचे एकत्रित संरक्षण, वणव्यांवर नियंत्रण आणि ग्रामसभांचा सहभाग या उपायांवर भर देणे आवश्यक आहे.

सातपुड्याचे पानझडी वन उन्हाळ्यात उघडेबोडके, निर्जीव भासते. त्याच ऋतूत एखाद्या वठलेल्या झाडाच्या पोकळीत रानपिंगळ्याची पिल्ले वाढत असतात. अशा वनाला पडीक न मानता एक परिपूर्ण परिसंस्था म्हणून पाहण्याची दृष्टी समाजात रुजली, तर एकदा हरवून सापडलेला हा पक्षी पुन्हा हरवणार नाही.